कडधान्यातील औषध आणि तोंडातला पांढरा चट्टा

कडधान्यांत कर्करोगाला अटकाव करणारी द्रव्ये आहेत, ही गोष्ट आता खेड्यापाड्यांतून सर्वांच्या कानावर गेली आहे. सोयाबीनची पावडर, कुळथाचा अर्क असे नाना प्रकार विकायला येतात आणि विकणारा मनुष्य शास्त्रज्ञांची साक्ष काढतो. घेणाऱ्यांत आमच्या सीमाभागातील अशीही माणसे असतात, की ज्यांच्या तोंडात पांढरा चट्टा उठला आहे आणि जी डॉक्टरकडे जायला भितात. म्हणून शेती व आरोग्याच्या या पानावर हा विषय घ्यावा, असे आम्ही ठरविले. शास्त्रज्ञांनी खरोखर काय शोधले, त्यातले माणसाच्या उपयोगी किती पडले, आणि आपल्या शेतात व चुलीवर त्याचा फायदा कसा करून घ्यावा, एवढेच येथे सांगायचे आहे.

कोंबडीला बाधणारे द्रव्य

कच्चे सोयाबीन भरडून कोंबड्यांना घातले तर पिल्ले खुरटतात, हे कोंबड्या पाळणाऱ्यांना सांगायला नको. अमेरिकेतील ऑसबोर्न व मेंडेल या शास्त्रज्ञांनी १९१७ सालीच उंदरांवर दाखवून दिले होते, की शिजवलेल्या सोयाबीनवर जनावर वाढते आणि कच्च्यावर वाढत नाही. कारण पुढे कळले. या दाण्यात अशी काही प्रथिने असतात, की जी आपल्या आतड्यातील ट्रिप्सिन नावाच्या पाचकरसाला जखडून टाकतात. मग खाल्लेले प्रथिन अंगी लागत नाही. झाडाच्या बाजूने पाहिले तर ही त्याची राखण आहे. दाणा खाणाऱ्या किडीचे पोटच बिघडवायचे, म्हणजे ती पुन्हा त्या वाटेला जात नाही.

अशा प्रथिनांपैकी एकाचा छडा बोमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४४ ते १९४६ या काळात लावला, आणि इस्रायलमधील यहुदित बर्क या विदुषीने १९६१ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. तेव्हापासून त्याला बोमन-बर्क प्रथिन असेच म्हणतात. ते फार लहान आहे. अवघ्या ७१ अमिनो आम्लांची साखळी. सोयाबीनमध्ये ते आहे, तशाच जातीची प्रथिने घेवड्यात, चवळीत आणि आपल्या कुळथातही आहेत. कुळथातील या प्रथिनाचा अभ्यास आपल्या म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झालेला आहे. तेव्हा परदेशी दाण्यातच काही जादू आहे, असे कोणी समजू नये.

आता गंमत अशी, की जे द्रव्य कोंबडीखाद्य करणाऱ्यांना नकोसे होते, तेच कर्करोगाच्या संशोधकांना हवेसे वाटू लागले. कर्करोगाची गाठ आजूबाजूच्या मांसात पसरताना काही पाचकरसांसारखी द्रव्ये वापरते. त्यांना जखडले तर गाठीची वाट अडेल, असा तर्क होता. न्यूयॉर्क येथील वॉल्टर ट्रोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केले, की किरणोत्सर्ग दिलेल्या ज्या उंदरांना कच्च्या सोयाबीनचा आहार होता, त्यांच्यात स्तनाच्या गाठी कमी झाल्या. पुढे ॲन केनेडी या शास्त्रज्ञ बाईंनी बोमन-बर्क प्रथिनावर कित्येक वर्षे काम केले. काचेच्या नळीत वाढविलेल्या पेशी, उंदीर, जेथे पाहावे तेथे हे प्रथिन कर्करोगाला अडविते असे दिसे. आशा वाढली आणि गोष्ट माणसांपर्यंत आली.

माणसांवरच्या प्रयोगासाठी कोणता रोग निवडला? तोंडातला पांढरा चट्टा. डॉक्टर त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. गालाच्या आतल्या बाजूला, हिरडीवर किंवा जिभेच्या कडेला पांढरट, खरबरीत पापुद्रा धरतो, पुसला तरी निघत नाही आणि बहुधा दुखत नाही. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होत नाही, पण काहींचा होतो. म्हणून तो कर्करोगाच्या आधीची पायरी मानला जातो. कॅलिफोर्नियात ३२ रोग्यांना महिनाभर या प्रथिनाचा अर्क दिला आणि २००० साली निकाल आला, की त्यांतील १० जणांचे चट्टे पुष्कळ कमी झाले किंवा गेले. शंभरी ३१. वर्तमानपत्रांना एवढे पुरेसे असते. पावडरवाले आजही जी साक्ष काढतात, ती बहुधा या प्रयोगाची किंवा त्याच्या आधीच्या उंदरांची.

परंतु त्या प्रयोगात एक उणीव होती. ज्यांना औषध दिलेच नाही, अशा रोग्यांचा दुसरा गट तुलनेला नव्हता. म्हणून पुन्हा मोठा प्रयोग मांडला. या वेळी १३२ रोगी होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले; काहींना अर्क आणि काहींना तसाच दिसणारा पण औषध नसलेला पदार्थ सहा महिने दिला. कोणाला काय मिळते आहे, हे रोग्यालाही ठाऊक नव्हते. त्याचा निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. अर्क घेणाऱ्यांचे चट्टे घटले होते, हे खरे. पण औषध नसलेला पदार्थ घेणाऱ्यांचेही जवळजवळ तितकेच घटले होते. म्हणजे अर्काचे म्हणून वेगळे श्रेय काही उरले नाही.

वाचकहो, या निकालातील दुसऱ्या अर्ध्या भागाकडे आमच्या मते जास्त लक्ष द्यायला हवे. काहीही खरे औषध न घेता पांढरा चट्टा काही काळ लहान होऊ शकतो. मग बाजारात कोणतीही पुडी घेऊन बसणाऱ्याला "या गृहस्थाचा चट्टा माझ्या पुडीने गेला" असे दाखवायला माणसे सापडणारच. ती माणसे लबाड असतात असे नाही. त्यांना खरेच तसे वाटते. आणि तेवढ्यात ज्याचा चट्टा आतून बिघडत चालला आहे, त्याचे सहा महिने, वर्ष निघून जाते.

तंबाखूच्या मुलखात

आमच्या भागात ही गोष्ट कोणी हसण्यावारी नेऊ नये. निपाणी-चिकोडीचा मुलूख तंबाखूचा. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडवून धरला होता आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या पिकाने घरे उभी केली, विड्या वळून बायकांनी मुले शिकविली. पिकविणाऱ्याला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पण जी तंबाखू दाढेखाली धरली जाते, जी मिश्री करून बायका सकाळ-दुपार दात घासतात, तीच तोंडाच्या कर्करोगाचे मुख्य कारण आहे, याविषयी आता कोणाला शंका राहिलेली नाही. मिश्री ही तंबाखूच आहे, हे आमच्या कित्येक मावश्या-काकूंना अजून मनातून पटत नाही. सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालच्या ग्रंथात तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरविली आहे.

मग चट्ट्यावर इलाज काय? आपल्याच देशात झालेले दोन प्रयोग सांगतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत विभागाने केरळातील एर्नाकुलमसह तीन जिल्ह्यांत ३६,००० हून अधिक तंबाखू वापरणाऱ्या लोकांना भेटून, समजावून, तंबाखू सोडायला लावण्याचा यत्न केला. त्याचा पाच वर्षांचा अहवाल १९८६ साली निघाला. पुष्कळांनी तंबाखू सोडली किंवा कमी केली, आणि अशा लोकांत नवे चट्टे उठण्याचे प्रमाण घटले. दुसरा प्रयोग तिरुवनंतपुरम जिल्ह्यातला. तेथे शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांच्या तोंडात नुसते डोळ्यांनी पाहिले आणि संशय आला त्यांना डॉक्टरकडे धाडले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालाप्रमाणे, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू यामुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले. बॅटरीचा उजेड आणि पाहणारा डोळा, एवढेच भांडवल.

तेव्हा आरशासमोर उजेडात उभे राहून महिन्यातून एकदा तोंड पाहावे. गाल ओढून, जीभ दोन्ही बाजूंना वळवून, जिभेखालीही. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड पूर्वीसारखे उघडत नाही अशी तक्रार, यांपैकी काहीही असले तर सरकारी दवाखान्यातील दंतवैद्याला दाखवावे. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा अधिक वाईट, हे विशेष लक्षात ठेवावे. लहानसा तुकडा काढून तपासतात, त्याने रोग पसरतो ही समजूत चुकीची आहे.

मग कडधान्याचा उपयोग काय

आहे, आणि तो चांगला आहे. पण तोंडापेक्षा तो पुढे, मोठ्या आतड्यात दिसतो.

अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात २००२ साली उंदरांना आतड्याचा कर्करोग होईल असे रसायन टोचून, काहींना शिजवून वाळविलेला काळा घेवडा व काहींना पांढरा लहान घेवडा खाऊ घातला. घेवडा खाणाऱ्यांत कर्करोग निम्म्याहून कमी झाला. अर्थात त्या उंदरांच्या खाण्यात चार भागांतले तीन भाग घेवडाच होता. असा आहार माणसाला चार दिवसही झेपायचा नाही. म्हणून उंदराचा आकडा उचलून आपल्या ताटाला लावू नये.

माणसांचे पाहायचे तर अमेरिकन सरकारच्या कर्करोग संस्थेने दोन हजारांवर लोक घेऊन एक मोठी चाचणी केली. आतड्यात मोड धरल्यासारखे मऊ उंचवटे येतात, त्यांना पॉलिप म्हणतात. त्यांतील काहींचा पुढे कर्करोग होतो. ज्यांचे पॉलिप काढून टाकले होते, अशांपैकी निम्म्यांना कमी चरबीचा, भरपूर भाजीपाला व चोथ्याचा आहार चार वर्षे दिला. २००० सालच्या निकालात दोन्ही गटांना पॉलिप सारखेच पुन्हा आले, आणि सर्वांची निराशा झाली. पण २००६ साली त्याच लोकांच्या खाण्याच्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा दिसले की ज्यांनी सुक्या घेवड्या-राजम्याचे प्रमाण सर्वांत जास्त वाढविले, त्यांच्यात धोक्याचे, मोठे पॉलिप परत येण्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावर आले होते. हा पक्का पुरावा नव्हे. घेवडा मन लावून खाणारा मनुष्य इतरही पथ्य पाळत असेल. तरीही दुर्लक्ष करावे असा हा आकडा नाही.

अलीकडची चाचणी ह्यूस्टन शहरातली, २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेली. आतड्यात पूर्वी असे विकार होऊन गेलेल्या ४८ स्त्रीपुरुषांना रोज एक कप शिजवलेला पांढरा घेवडा आठ आठवडे खायला दिला. त्यांच्या आतड्यातील उपयुक्त जंतू वाढले आणि जंतूंचे प्रकारही वाढले. घेवडा बंद केला तसा तो फायदा लवकरच ओसरला. आमच्या मते या सगळ्यात कामाची गोष्ट हीच. महिनाभर पावडर खाऊन मग बंद करणाऱ्याला काही मिळायचे नाही. आठवड्याच्या जेवणात उसळ-आमटी नेमाने असेल तर मिळेल.

हे होते कसे? कडधान्यातील चोथा आणि काही पिष्ट लहान आतड्यात पचत नाही. ते तसेच मोठ्या आतड्यात उतरते. तेथील जंतू त्यावर जगतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते आवडते इंधन. त्यावर निरोगी पेशी पोसतात, आणि बिघडलेल्या पेशींची वाढ रोखली जाते असे प्रयोगांत दिसते. पोट फुगते ते याच जंतूंच्या उद्योगाने. सवय नसेल तर दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करावी, भिजवणीचे पाणी टाकावे. पोट हळूहळू सरावते.

दाण्यात फायटिक आम्लही असते. हा दाण्याचा फॉस्फरसचा साठा. उंदरांत त्यानेही आतड्याचा कर्करोग कमी झाल्याचे १९८०-९० च्या दशकात अमेरिकेत दिसले. पण हेच आम्ल लोह व जस्त धरून ठेवते. आमच्या बायकामुलींत रक्त कमी असते, त्यांना लोह मिळणे अगत्याचे. म्हणून कडधान्य भिजवून, मोड आणून करावे आणि वर लिंबू पिळावे. मोडाने फायटिक आम्ल कमी होते, लिंबाने लोह अंगी लागते. सगळे आम्ल जात नाही, आणि जाण्याची गरजही नाही.

सोयाबीनविषयी बायकांच्या मनात एक भीती आहे. त्यात स्त्रीच्या शरीरातील रसासारखे एक द्रव्य असते, त्याने स्तनाचा कर्करोग वाढेल, असे कोणीतरी सांगून ठेवलेले असते. द्रव्य आहे हे खरे. परंतु चीनमधील शांघाय शहरात स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या ५,०४२ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा सोयाबीनचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांमध्ये रोग परत येण्याचे व मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा जेवणातले सोयाबीन खायला हरकत नाही. त्या द्रव्याच्या तयार गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत.

आणखी एक. सोयाबीन आपण पिकवितो, अडतीवर घालतो आणि त्याचे तेल घरी आणतो. वर सांगितलेली प्रथिने, चोथा, फायटिक आम्ल, यांतले काहीही तेलात उतरत नाही. ते सारे पेंडीत राहते आणि पेंड जाते जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्याला. सोयाबीनचे तेल खाऊन कर्करोग टळतो, असे कोणी सांगितले तर त्याला हे विचारावे. माळव्यात, इंदूरकडे आपले जे बांधव सोयाबीन करतात, त्यांनाही हे लागू. घरी खायचे असेल तर दाणे रात्रभर भिजवून, साल चोळून, चांगले शिजवावे. किंवा एक हिस्सा सोयाबीन भाजून नऊ-दहा हिस्से गव्हात दळून आणावे. कच्चे दळू नये, कारण कोंबडीला जे बाधते ते आपल्यालाही बाधते.

राजम्याच्या बाबतीत तर हयगय मुळीच नको. त्यात लेक्टिन नावाचे द्रव्य असते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जबर ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. ब्रिटनमध्ये १९७६ साली शाळकरी मुलांनी नुसते भिजवलेले दाणे खाल्ले आणि सगळे आजारी पडले होते. पाच तासांहून जास्त भिजवावे, ते पाणी फेकून द्यावे, नव्या पाण्यात खळखळून अर्धा तास तरी उकळावे. मंद आचेवर, न उकळता शिजवलेला राजमा कच्च्याहून घातक ठरू शकतो. कुकरमध्ये चांगल्या शिट्ट्या झाल्या की भीती नाही. लाल राजम्याला मोड आणून कच्चा खाणे सोडूनच द्यावे. मोडाच्या कोशिंबिरीला मूग आणि मटकी आहेत.

ताटातल्या शेजाऱ्यांविषयीही दोन शब्द. सणासुदीला आपल्याकडे चोरीस होतात, गोव्यात राजमा घालून फेजोआद करतात. मीठ लावून, धुरावून टिकविलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असे वर उल्लेखिलेल्या कर्करोग संस्थेने २०१५ साली जाहीर केले. सण सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण हांडीत चोरीस मूठभर आणि राजमा भरपूर, असे प्रमाण ठेवले तर चवही जात नाही.

शेतात म्हणाल तर यासाठी नवे काही करायला नको. बेळगावच्या काळ्या शिवारात भाताच्या मागून ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा होतोच. गोव्यात अळसांदे होतात, माळावर कुळीथ होतो. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीला देतात, तो वेगळाच. आमची सूचना एवढीच, की सगळे पोते अडतीला घालण्याआधी घरच्यासाठी वर्षाचे काढून ठेवावे. दाणा दाताखाली कट्‌कन फुटेल इतका वाळवावा. किलोला चमचाभर गोडेतेल चोळून ठेवले तर भुंगा लागत नाही. खायच्या कडधान्यात किडीची विषारी पूड कधीही मिसळू नये. ओल राहून बुरशी धरलेला दाणा पाखडून, धुऊन घरात घेऊ नये. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष यकृताचा कर्करोग करते, आणि ते शिजवून जात नाही. शेंगदाणे आणि मका यांत हा धोका सर्वांत जास्त, तेव्हा काळवंडलेले, कडवट लागणारे शेंगदाणे चटणीला चालतील म्हणून बाजूला ठेवण्याची जी सवय आहे, ती मोडावी. असा माल जनावरांनाही घालू नये. दुभत्या गाईने खाल्ला तर विषाचा अंश दुधात उतरतो.